महामारीत मोटार शिकताना : दिल्ली आणि परिसरातील शिकाऊ चालकांसाठी

नवी दिल्ली, २५ ऑक्टोबर २०२१ : दोन माणसांमध्ये दोन गजांचे अंतर असावे, हा महामारीच्या पहिल्या दीड वर्षात सर्वाधिक वेळा उच्चारला गेलेला आरोग्यनियम. मोटार शिकण्याच्या कामात मात्र तो पाळता येत नाही, कारण कायदाच त्याच्या आड येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तिसऱ्या नियमानुसार शिकाऊ परवानाधारक गाडी चालवत असताना पक्का परवाना असलेली व्यक्ती प्रशिक्षक म्हणून गाडीत हवी आणि गरज पडताच गाडीवर ताबा मिळवता येईल किंवा ती थांबवता येईल, अशाच जागी ती बसलेली हवी. व्यवहारात याचा अर्थ एकच : पुढची डावी जागा. छोट्या मोटारीत त्या दोन जागांवर बसलेल्यांच्या खांद्यांत जेमतेम हातभर अंतर उरते. प्रशिक्षकाला मागे बसवावे, असे काही पालक सुचवतात. तसे करणे हा नियमभंग आहेच, शिवाय अपघाताला निमंत्रणही.

अंतराचा उपाय असा बाद झाला की उरतात त्या चार गोष्टी : गाडीतली हवा, तोंडावरचा मास्क, सोबत घालवलेला वेळ आणि गाडीतील माणसांची संख्या. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम वा फरिदाबादमध्ये महामारीत गाडी शिकू पाहणाऱ्याने मोटार ड्रायव्हिंग स्कूलची निवड याच चार गोष्टींवर करावी.

गाडी शिकण्याची निकड या परिसरात का वाढली, हे सांगायला फार शोध घ्यावा लागत नाही. दिल्ली मेट्रो २२ मार्च २०२० रोजी थांबली, ती ७ सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने पुन्हा धावू लागली. दुसऱ्या लाटेत १० मे २०२१ पासून ती पुन्हा बंद झाली आणि ७ जूनला निम्म्या आसनक्षमतेवर सुरू झाली. टाळेबंदी शिथिल झाल्यावर मे २०२० मध्ये दिल्लीच्या बसमध्ये एका वेळी फक्त वीस प्रवाशांना परवानगी होती. कार्यालय गुरुग्रामला आणि घर मयूर विहारला असलेल्या माणसाने या काळात स्वतःच्या चाकांचा विचार केला नसता तरच नवल. रोजगारासाठी चालक होऊ पाहणाऱ्यांना तर हा शौक नव्हे, पोटाचा प्रश्न आहे.

काचा किती उघडाव्यात

कोरोनाचा विषाणू हवेतून पसरतो, हे आता वादातीत मानले जाते. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने २० मे २०२१ रोजी काढलेल्या सूचनापत्रात म्हटले होते की, बाधिताच्या श्वासातील मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात. मात्र सूक्ष्म तुषार हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. बंद काचांच्या मोटारीची लांबी चार मीटरच्या आसपास असते. तिच्यातला एकही कोपरा या कक्षेच्या बाहेर नाही.

अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटारीतील हवेच्या प्रवाहाचा संगणकीय अभ्यास केला. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. चालक आणि मागच्या आसनावर तिरकस बसलेला एक प्रवासी, ताशी सुमारे ८० किलोमीटर वेग, अशी परिस्थिती त्यात कल्पिली होती. चारही काचा उघड्या असताना हवा सर्वांत वेगाने बदलते आणि सर्व काचा बंद ठेवून वातानुकूलन चालवणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो, असे त्यातून दिसले. आणखी एक निरीक्षण शिकाऊंच्या उपयोगाचे आहे : काचा उघड्या असताना हवा मागच्या खिडक्यांतून आत येते आणि पुढच्या खिडक्यांतून बाहेर पडते.

हे निष्कर्ष दिल्लीच्या रस्त्यावर जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. प्रशिक्षक शेजारी बसतो आणि शिकाऊ गाडी ताशी वीस-तीस किलोमीटरने चालते. वेग कमी, म्हणजे हवेचा झोतही कमी. म्हणून एक-दोन काचा बोटभर खाली करून भागणार नाही. चारही काचा निम्म्यापेक्षा अधिक खाली असणे बरे. गाडी रिकामी असताना, म्हणजे एक शिकाऊ उतरल्यावर आणि दुसरा बसण्याआधी, चारही दारे पाच-दहा मिनिटे उघडी ठेवावीत. हा उपाय फुकटचा आहे. तरीही घाईत सर्वांत आधी तोच वगळला जातो.

अडचण आहे ती दिल्लीच्या हवामानाची. मे-जूनच्या उन्हात काचा उघड्या ठेवून शिकणे म्हणजे भट्टीत बसणे, आणि ऑक्टोबर सरत असताना उलट संकट समोर उभे राहते. दिवाळीनंतरच्या धुरक्यात हवेचा निर्देशांक चारशेच्या वर जातो तेव्हा त्या हवेला अधिकृतपणे ‘गंभीर’ म्हटले जाते. एका धोक्यासाठी काच उघडावी, तर दुसरा आत येतो. या पेचातून सुटण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे नीट बसणारा एन-९५ मास्क. तो विषाणूयुक्त तुषार आणि धुरक्यातील सूक्ष्म कण, दोन्ही अडवतो. झडप असलेला मास्क मात्र घेऊ नये. त्यातून सोडलेला श्वास गाळला जात नाही आणि केंद्रीय आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्येच तशा मास्कविरुद्ध इशारा दिला होता. धुरके फारच दाट असेल तर त्या दिवशीचा पाठ पुढे ढकलावा. नवशिक्याच्या दृष्टीला दाट धुरके तसेही मानवत नाही.

वातानुकूलन लावावेच लागले, तर आतलीच हवा फिरवणारे बटण बंद ठेवून बाहेरची हवा आत घेणारी सोय वापरावी आणि किमान दोन काचा थोड्या खाली ठेवाव्यात. दिल्ली सरकारने १८ ऑक्टोबर २०२१ पासून लाल दिव्यावर इंजिन बंद करण्याची मोहीम सुरू केली होती. इंजिन बंद पडले की पंखाही मंदावतो किंवा थांबतो. सिग्नलवर काचा पूर्ण खाली घेण्याची सवय शिकतानाच लागली तर उत्तम.

उघड्या काचांचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. रहदारीचा गोंगाट आत येतो, मास्कमुळे शब्द दबतात आणि प्रशिक्षक ओरडू लागतो. मोठ्याने बोलताना तोंडातून अधिक तुषार बाहेर पडतात. शिवाय ओरडण्याने नवशिका बावचळतो, ते वेगळेच. गिअर बदला, वेग कमी करा, डावीकडे घ्या, थांबा, एवढ्यांसाठी हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात. लांबलचक समजावणे गाडी कडेला उभी करून, बाहेर उतरून करावे. वाहतूक चिन्हांचा भाग फोनवरूनही शिकवता येतो.

चष्मा लावणाऱ्यांनी मास्कची नाकावरची पट्टी घट्ट दाबून बसवावी. काचांवर वाफ धरली तर धावत्या गाडीत मास्क खाली ओढू नये. गाडी बाजूला घेऊन थांबवावी आणि मग तो नीट करावा.

मागच्या आसनावरचा तिसरा

या परिसरातील अनेक स्कूलमध्ये एक जुनी पद्धत आहे. पहिला शिकाऊ गाडी चालवत दुसऱ्याच्या घरापर्यंत जातो, मग दुसरा चालवतो आणि पहिला मागे बसून आपल्या घरी उतरतो. यात इंधन वाचते, वेळ वाचतो. मागे बसून दुसऱ्याच्या चुका पाहायला मिळतात, हाही फायदाच. महामारीत मात्र हीच पद्धत सर्वांत धोक्याची आहे. अर्ध्या तासाचा सहवास तासाचा होतो आणि वर सांगितलेल्या अभ्यासाप्रमाणे मागच्या आसनावरची हवा पुढच्यांकडेच जाते. पैसे भरण्यापूर्वी गाडीत प्रशिक्षकाखेरीज दुसरे कोणी असेल का, हे स्पष्ट विचारावे. एकट्यासाठी थोडे अधिक शुल्क मागितले तरी ते अवाजवी नाही.

दुसरा प्रश्न बुडालेल्या पाठांचा. शिकाऊला किंवा प्रशिक्षकाला ताप आला तर राहिलेले पाठ पुढे मिळतात की बुडतात? प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते नाव नोंदवताना विचारण्याचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पाठ बुडणार असेल तर शिकाऊ अंगदुखी लपवून येतो, आणि रोजंदारी बुडणार असेल तर प्रशिक्षक खोकला दाबून येतो. गृह विलगीकरणाचे २०२१ मधील नियम लक्षणे सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस आणि त्यातील शेवटचे तीन दिवस ताप नसणे, असे होते. एवढे दिवस गैरहजर राहण्याची मुभा जिथे लेखी मिळते, तिथे उरलेल्या नियमांवरही भरवसा ठेवता येतो.

प्रशिक्षकाची बाजूही पाहायला हवी. शिकाऊचा संबंध एका माणसाशी येतो; प्रशिक्षकाचा सगळ्यांशी. अर्ध्या-अर्ध्या तासाचे आठ पाठ त्याने दिवसात घेतले तर आठ घरांतील श्वास त्याच्या शेजारी येऊन जातात. त्याला बाधा झाली तर ती आठही घरांकडे परत जाऊ शकते. त्यामुळे प्रशिक्षकाने लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या आहेत का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. तेवढेच प्रमाणपत्र आपणही दाखवावे. चारचाकीच्या परवान्यासाठी वय १८ पूर्ण लागते आणि १ मे २०२१ पासून त्या वयाच्या सर्वांना लस खुली झाली आहे.

पुसापुशीबद्दल थोडक्यात. स्टिअरिंग, गिअरचा दांडा, हँडब्रेक, आरसा, आसनपट्ट्याचे कुलूप आणि दाराची मूठ पाठापूर्वी पुसून घ्यावी, हात सॅनिटायझरने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावेत. मात्र पुसले म्हणजे सुरक्षित झालो, हा समज खरा नाही. पृष्ठभागाला एकदा स्पर्श झाल्याने बाधा होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये नमूद केले होते. फवारणी करून काचा बंद ठेवणाऱ्या गाडीपेक्षा न फवारलेली, उघड्या काचांची गाडी बरी. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरची बाटली उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवून जाऊ नये. काही स्कूलमध्ये सिम्युलेटरवर सराव असतो. तेथे रस्त्याची भीती नसते, पण खोली बहुधा बंद आणि वातानुकूलित असते, हे विसरू नये. दुचाकी शिकणाऱ्याने हेल्मेट स्वतःचेच वापरावे.

दंड आणि हद्द

दिल्लीत मास्क नसल्यास नोव्हेंबर २०२० पासून दोन हजार रुपये दंड होता. खासगी मोटारीत एकटे असतानाही मास्क सक्तीचा आहे, कारण मोटार हे सार्वजनिक ठिकाण ठरते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२१ रोजी दिला. यमुना ओलांडून नोएडात शिरले की २०२१ मध्ये उत्तर प्रदेशचा नियम लागत असे : पहिल्यांदा एक हजार, पुन्हा सापडल्यास दहा हजार रुपये. हरियाणात दंड पाचशेचा होता. शिकाऊ परवाना देशभर चालतो, पण साथीचे आदेश राज्याच्या हद्दीवर बदलतात. जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीने आपल्या सीमाच बंद केल्या होत्या. सरावाचा मार्ग शक्यतो एकाच राज्यात ठेवावा.

कागदपत्रांचे काम आता बरेचसे घरबसल्या होते. आधारच्या साह्याने ओळख पटवून परिवहनाच्या अठरा सेवा ऑनलाइन देण्याची तरतूद केंद्राने मार्च २०२१ मध्ये केली. महाराष्ट्रात जूनमध्ये घरून शिकाऊ परवान्याची परीक्षा देण्याची सोय झाली, तर दिल्लीत ११ ऑगस्टपासून तेहतीस सेवा कार्यालयात न जाता मिळू लागल्या; त्यांत शिकाऊ परवानाही आहे. हा परवाना सहा महिने चालतो आणि मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. टाळेबंदीत अनेकांचे हे सहा महिने असेच सरले. १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेल्या कागदपत्रांना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वेळोवेळी वाढ दिली. त्यांतील एक वाढ ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत होती. राज्ये याबाबत स्वतंत्र आदेश काढू शकतात. त्यामुळे आपल्या परवान्याची स्थिती ‘सारथी’ संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्यावी.

घरच्या घरी शिकणे हा विषाणूच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक मार्ग. एकाच छताखाली राहणाऱ्यांत मोटारीमुळे नवा संपर्क होत नाही आणि कायद्यालाही पक्का परवाना असलेला कुटुंबीय चालतो. उणीव एवढीच की, घरच्या गाडीत दुहेरी नियंत्रण नसते. स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशी स्वतंत्र ब्रेक असावा लागतो. घरी बाबांच्या हाताशी फक्त हँडब्रेक. म्हणून पहिले काही पाठ स्कूलमध्ये घेऊन, ब्रेक आणि क्लचवर पाय बसल्यानंतरचा सराव घरच्यांबरोबर करणे हा मध्यम मार्ग सोयीचा. द्वारका, रोहिणीसारख्या उपनगरांतील आखीव, रुंद रस्ते पहाटे त्यासाठी योग्य. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवेच. पाटी १८ सेंटीमीटर लांब-रुंद असावी लागते.

नियमांनुसार खासगी हलक्या वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवणे किमान दहा तासांचे असते. म्हणजे रोज सुमारे अर्धा तास. बंद जागेतील सहवास थोडक्यात आटोपावा, या आरोग्यसल्ल्याशी हे वेळापत्रक आपोआप जुळते. आठवड्याभरात सगळे शिकवून देऊ, दिवसाला दोन तास बसा, असे सांगणाऱ्या स्कूलला दोन्ही कारणांनी नकार द्यावा. शेवटची चाचणी मात्र या साऱ्यात सर्वांत सुरक्षित ठरते : संगणकीकृत चाचणीपथावर परीक्षण कॅमेरे करतात आणि उमेदवार गाडीत एकटाच असतो.