तक्त्यातली वसई

सांडोरच्या नववीच्या मुलांपुढे मी जगातल्या नैसर्गिक वायूच्या वापराचा तक्ता ठेवला. पहिलाच प्रश्न आला, ‘सर, यात आपलं काय?’

उत्तर समुद्राच्या नकाशात सापडले. मुंबईच्या वायव्येस १९७६ साली मिळालेल्या मोठ्या वायुक्षेत्राचे नाव ‘बसीन’, म्हणजे वसई. पोर्तुगीजांच्या उच्चारावरून इंग्रजांनी केलेले हे रूप १८०२च्या तहामुळे इतिहासात रुजले. पुढे बॉम्बे हायचे मुंबई हाय झाले. बसीन मात्र सरकारी आकडेवारीत अजून तसेच आहे. ब्रह्मदेशातही एक बसीन होते, त्यामुळे जुने कागद चाळताना चकवा बसतो.

वायू मात्र वसईला उतरला नाही. त्यात हायड्रोजन सल्फाइड असल्याने तो समुद्रतळावरच्या वाहिनीने सुरतेजवळच्या हजिऱ्याला शुद्धीकरणासाठी नेला गेला. तिथून १९८०च्या दशकाच्या अखेरीस हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने तो मध्य आणि उत्तर प्रदेशातल्या खत कारखान्यांकडे निघाला.

मग मुलांनी भागाकार केले. २०२३चा जगाचा वापर सुमारे ४ लाख कोटी घनमीटर, माणसे ८०० कोटी, माणशी ५००. अमेरिकेत माणशी सुमारे २,६००. भारतात ४५च्या आसपास, आणि त्यातलाही जवळपास निम्मा द्रवरूपात जहाजाने आयात केलेला. एकाने घरचा सिलिंडर हिशेबात धरला होता. त्यातला एलपीजी हा प्रोपेन-ब्युटेन, तो या तक्त्यात येत नाही, हे सांगावे लागले. (ही चूक मीही कित्येक वर्षे करत होतो.)

तरी सरासरीवर थांबणे मला पटत नाही. ४५ हा आकडा कोणा एकाच्या घरातला नव्हे. भारतात या वायूचा सर्वांत मोठा ग्राहक खतउद्योग आहे : मिथेनमधून हायड्रोजन, त्यापासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. उरणला उतरणाऱ्या वायूच्या भरवशावर अलिबागजवळ थळचा कारखानाही १९८०च्या दशकात उभा राहिला.

हे ऐकून मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘आमच्या वाडीत केळींना युरिया घालतात. तो वायू कोणाच्या नावावर?’

तक्त्यात तो ‘खते’ या रकान्यात होता. मी तिला फळ्यावर एक रकाना वाढवायला सांगितला.