नोटीस फाटली आणि वसतिगृह किल्ल्यात गेले

वसतिगृह म्हटले की नियम आलेच. रात्री अमुक वाजता फाटक बंद, रजिस्टरवर सही, पाहुण्यांची नोंद, रेक्टरांची फेरी. एरवी हे नियम थोडे पाळले जातात, थोडे वाकवले जातात. पण शहरात काही गडबड झाली की ते एकाएकी आवळले जातात. फलकावर नवा कागद लागतो आणि त्याच्या शेवटी ठरलेले शब्द असतात, ‘पुढील सूचनेपर्यंत’. या दोन शब्दांत किती काय मावू शकते, हे पाहायचे असेल तर १९१९ सालच्या लाहोरला जावे लागते.

त्या काळी लाहोर हे पंजाबच्या शिक्षणाचे केंद्र होते. १८८२ मध्ये तिथे विद्यापीठ स्थापन झाले होते. गव्हर्नमेंट कॉलेज, आर्य समाजाच्या मंडळींनी चालवलेले डी. ए. व्ही. कॉलेज, दयाळसिंग कॉलेज, किंग एडवर्ड मेडिकल कॉलेज आणि नव्यानेच निघालेले सनातन धर्म कॉलेज अशी एकाहून एक कॉलेजे शहरात होती. गावोगावची मुले तिथे शिकायला येत आणि वसतिगृहात राहत. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजांवर एक जबाबदारी टाकली होती. जो विद्यार्थी आईवडिलांकडे किंवा पालकाकडे राहत नाही, त्याच्या राहण्याची सोय कॉलेजात किंवा मान्यता असलेल्या जागी असली पाहिजे. म्हणजे घरापासून दूर असलेल्या मुलाचे पालकत्व एका अर्थाने कॉलेजकडे आले. मुलगा चुकला तर त्याला बोलणारे आणि मुलावर कोणी हात टाकला तर आडवे येणारे, अशी दोन्ही कामे त्या पालकत्वात होती.

१९१९ च्या मार्चमध्ये रौलेट कायदा मंजूर झाला. ६ एप्रिलला देशभर हरताळ पाळला गेला. १० एप्रिलला गांधीजींच्या अटकेची बातमी लाहोरात पोहोचली, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. मिरवणुकांत विद्यार्थी होते, हे कोणी नाकारले नाही. १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत हत्याकांड घडले आणि १५ तारखेला लाहोर व अमृतसर इथे लष्करी कायदा लागू झाला. लाहोरचा कारभार लेफ्टनंट कर्नल फ्रँक जॉन्सन यांच्या हाती गेला.

जॉन्सनसाहेबांचे हुकूम एकामागून एक निघू लागले. संध्याकाळनंतर घराबाहेर पडायची बंदी झाली. हिंदी माणसांच्या मोटारी आणि सायकली सरकारजमा झाल्या. टांगेही ताब्यात घेतले गेले. दोनपेक्षा जास्त माणसांनी रस्त्यावर एका ओळीत चालायचे नाही, असाही एक नियम होता. हे सगळ्या शहरासाठी होते. पण विद्यार्थ्यांसाठी त्यावर आणखी एक हुकूम होता, तो हजेरीचा.

डी. ए. व्ही. कॉलेजच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी दिवसातून चार वेळा ब्रॅडलॉ हॉलमध्ये जाऊन तिथल्या लष्करी अधिकाऱ्यासमोर हजेरी द्यायची, असे फर्मान निघाले. पुढे इतर कॉलेजांनाही चार वेळांची हजेरी लागू झाली. ऐकायला हे साधे वाटते. हजेरीच तर द्यायची, त्यात काय एवढे? पण महिना एप्रिल-मेचा आणि ऊन पंजाबातले. सायकली जप्त झालेल्या, म्हणजे जायचे पायी. मेडिकल कॉलेजच्या मुलांना दिवसाकाठी सोळा मैलांची पायपीट घडते, अशी तक्रार पुढे चौकशीत झाली. चार खेपांमध्ये दिवस संपत असेल तर वाचायचे कधी? पुढे जॉन्सन यांना याबद्दल विचारले तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की, तरण्याताठ्या मुलांना चालण्याचा त्रास कसला? त्यांना उद्योगाला लावून उपद्व्यापांपासून दूर ठेवायचे होते.

याहून बोलका प्रसंग सनातन धर्म कॉलेजच्या वसतिगृहाचा. लष्करी कायद्याचे जाहीरनामे शहरात ठिकठिकाणी भिंतींवर चिकटवले जात. ज्याच्या भिंतीवर कागद, त्याने तो सांभाळायचा; फाटला तर जबाबदार तोच. असा एक कागद या वसतिगृहाच्या भिंतीवर लागला आणि कोणीतरी तो फाडला. कोणी फाडला, हे शोधण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. सुमारे पाचशे विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक, सगळ्यांनाच अटक झाली. डोक्यावर वळकट्या घेऊन त्यांना उन्हातून तीन मैल चालवत लाहोरच्या किल्ल्यात नेले आणि सुमारे तीस तास तिथे कोंडून ठेवले.

एक फाटका कागद आणि पाचशे कैदी! बरे, कागद वसतिगृहातल्याच मुलाने फाडला की रस्त्याने जाणाऱ्याने, हेही ठाऊक नव्हते. आपल्या हुकमाचे जॉन्सन यांना पुढेही काही वाटले नाही. चौकशी समितीसमोर त्यांनी तो योग्यच असल्याचे सांगितले आणि वेळ आली तर पुन्हा तसेच करू, असेही म्हटले.

लाहोरबाहेरही असेच तर्कशास्त्र चालले. कसूरमध्ये शाळेच्या मुलांना फटके मारण्याचे ठरले. त्यासाठी सहा मुले निवडली गेली ती गुन्हा पाहून नव्हे, तर अंगापिंडाने थोराड होती म्हणून. लाहोरमध्ये प्राचार्यांकडून दोषी विद्यार्थ्यांच्या याद्या मागवल्या गेल्या. कोणाला कॉलेजातून काढले, कोणाची शिष्यवृत्ती गेली. ज्यांनी मुलांच्या पाठीशी उभे राहायचे, त्यांच्याच हाती कर्नलसाहेबांनी यादी आणि पेन्सिल दिली होती. कॉलेजकडे आलेल्या पालकत्वाचे या दीड-दोन महिन्यांत असे झाले.

जूनमध्ये लाहोर शहरातला लष्करी कायदा उठला. हजेऱ्याही संपल्या. तात्पुरते होते ते सरले, असे म्हणून विषय मिटला असता. तो मिटला नाही, कारण दोन चौकशा झाल्या आणि दोन्हींत एकेक मुंबईचा वकील होता.

सरकारने लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या तीन हिंदी सभासदांपैकी एक होते सर चिमणलाल सेटलवाड. ते त्या वेळी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. दुसरी चौकशी काँग्रेसची. तिच्या अहवालावर गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर सही होती ती बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांची. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. एक कुलगुरू पदावर असलेला, दुसरा पुढे होणारा. दोघांनीही लाहोरच्या मुलांची पायपीट कागदावर उतरवण्यात वाटा उचलला. १९२० मध्ये दोन्ही अहवाल बाहेर आले. हंटर समितीत इंग्रज आणि हिंदी सभासदांची मते फुटली आणि हिंदी सभासदांनी आपला वेगळा अहवाल दिला. तरीही एका बाबतीत बहुमतवाल्या इंग्रज सभासदांनाही लिहावे लागले की, विद्यार्थ्यांवरचे हे हुकूम गरजेपेक्षा जास्त कडक होते.

इथे थोडे जॉन्सन यांच्या बाजूनेही पाहू. शहर पेटलेले होते आणि मुले रस्त्यावर उतरत होती. अशा वेळी अधिकाऱ्याने काहीच करू नये असे कोणी म्हणणार नाही. रात्रीची संचारबंदी एकवेळ समजू शकते. ती सगळ्यांना सारखी असते आणि दंगल शमली की तिचे कारणही संपते. पण चार वेळांच्या हजेरीने कोणता धोका टळत होता? पाचशे जणांना किल्ल्यात नेऊन कोणता गुन्हेगार सापडला? इथे बंदोबस्त संपतो आणि शिक्षा सुरू होते. दोन्हींचा कागद सारखाच दिसतो, म्हणूनच फरक चटकन लक्षात येत नाही.

काळ बदलला, राज्य बदलले. लाहोरच्या हुकमांची बरोबरी आजच्या कुठल्या वसतिगृहाशी करणे अन्यायाचे होईल. पण ‘पुढील सूचनेपर्यंत’ हे शब्द गेलेले नाहीत. २०२० मध्ये करोनाच्या साथीत देशभरची वसतिगृहे रिकामी झाली, पुढे उघडली तेव्हा नव्या नियमांसह उघडली. त्या नियमांना कारण होते. पण कारण संपल्यावर नियम संपला का, हा प्रश्न दर वेळी विचारावाच लागतो. एका खोलीत भांडण झाले म्हणून सगळ्या मजल्याला बाहेर पडायची बंदी, एका मुलीची छेड काढली गेली म्हणून सगळ्या मुलींना सातच्या आत घरात. असे नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाही असेल. पण कागद फाडणारा सापडत नाही म्हणून सगळ्यांना किल्ल्यात न्यायचे, ही रीत त्यात डोकावते का, एवढे त्यांनी तपासून पाहावे. नियम कशासाठी, कोणासाठी आणि कधीपर्यंत, हे तीन प्रश्न फलकावरच्या प्रत्येक तात्पुरत्या कागदाला विचारता येतात. ज्याची उत्तरे सरळ मिळतात, तो नियम मुलेही पाळतात.

ज्या ब्रॅडलॉ हॉलमध्ये डी. ए. व्ही.च्या मुलांना दिवसातून चार वेळा ‘हजर’ म्हणायला लावले, त्याच हॉलमध्ये दोनच वर्षांनी, १९२१ मध्ये, लाला लजपतराय यांच्या पुढाकाराने नॅशनल कॉलेज सुरू झाले. सरकारी शिक्षणावर बहिष्कार टाकून आलेली मुले तिथे शिकू लागली. त्या कॉलेजच्या हजेरीपटावर पुढे दोन नावे लागली, भगतसिंग आणि सुखदेव.