इंजिनिअरांचा पहिला अध्यक्ष डॉक्टर होता

दर वर्षी ऑगस्टच्या मध्यावर मला एक मेल येतो. आय-ट्रिपल-ईच्या निवडणुकीचा. जगभरच्या इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांची ही संघटना. तिचा पुढचा अध्यक्ष कोण, संचालक मंडळावर कोण, यासाठी मत द्या म्हणतात. मी तो मेल इमानेइतबारे स्टार करून ठेवतो आणि 1 ऑक्टोबरला मतदान बंद झालं की त्याहून इमानेइतबारे डिलीट करतो.

यंदा मात्र एका शनिवारी बाहेर धो धो पाऊस, ट्रेकचा बेत रद्द, हातात चहा. म्हटलं उघडून तर बघू. उघडलं, आणि सगळ्या उमेदवारांची निवेदनं वाचून झाल्यावर कोण कोणापेक्षा वेगळा हे काही केल्या कळेना. सगळ्यांनाच तरुणांना सामावून घ्यायचंय, सगळ्यांनाच पारदर्शकता आणायचीय. मग मनात आलं, पूर्वी हे लोक आपला पुढारी कसा निवडायचे? झालं! पुढचे दोन वीकएंड त्यातच गेले. मत द्यायचं राहिलं ते राहिलंच.

तर गोष्ट सुरू होते 1884 सालात, न्यूयॉर्कमध्ये. त्या शरद ऋतूत फिलाडेल्फियाला मोठं आंतरराष्ट्रीय वीज प्रदर्शन भरणार होतं. युरोपातून बडे पाहुणे येणार, आणि त्यांचं स्वागत करायला अमेरिकेत विजेच्या इंजिनिअरांची एकही राष्ट्रीय संघटना नाही, ही केवढी नामुष्की! मग नॅथनिएल कीथ नावाच्या गृहस्थांनी पुढाकार घेतला, 'द ऑपरेटर' या तारवाल्यांच्या पत्रात आवाहन छापून आलं आणि 13 मे 1884 रोजी 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स', म्हणजे एआयईई, उभी राहिली.

उपाध्यक्ष सहा. त्यात एक थॉमस एडिसन आणि एक अलेक्झांडर ग्रॅहम बेल. आता सांगा, उपाध्यक्ष एडिसन आणि बेल असतील तर अध्यक्ष कोण असेल?

नॉर्विन ग्रीन.

मीही हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. ग्रीनसाहेब शिक्षणाने डॉक्टर. म्हणजे औषधं देणारे डॉक्टर. नंतर केंटकीच्या राजकारणात शिरले, तिथून तार कंपन्यांत, आणि 1878 पासून ते वेस्टर्न युनियनचे अध्यक्ष होते. वेस्टर्न युनियन म्हणजे त्या काळची सगळ्यात अवाढव्य तार कंपनी. देशभरच्या तारा त्यांच्या, ऑपरेटर त्यांचे, पैसा त्यांचा. नव्या संघटनेला वजन हवं होतं, आणि वजन डॉक्टरसाहेबांकडे होतं.

इथपर्यंत ठीक आहे. आपल्याकडेही साहित्य सोडून बाकी सगळं केलेला माणूस साहित्य संमेलनाचा स्वागताध्यक्ष होतोच की! :-) पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या आणि मी जरा थबकलो. 1883 च्या जुलैमध्ये, म्हणजे जेमतेम दहा महिने आधी, अमेरिकेतल्या तार ऑपरेटरांनी देशव्यापी संप केला होता. मागण्या काय? पगारात 15 टक्के वाढ, दिवसपाळी आठ तासांची, आणि बायकांना पुरुषांइतकाच पगार. 1883 साली! वेस्टर्न युनियन बधली नाही. महिन्याभरात संप चिरडला गेला आणि कामावर परत घेताना लोकांकडून 'पुन्हा युनियनमध्ये जाणार नाही' असं लिहून घेतलं गेलं. त्या कंपनीच्या खुर्चीत बसलेला माणूस पुढच्याच मे महिन्यात इंजिनिअरांचा पहिला अध्यक्ष झाला. आणि संघटनेची हाक छापून आली होती ती ऑपरेटरांच्याच पत्रात.

त्यात कोणाला काही खटकलं होतं का? मला वाटतं, फारसं नसावं. त्या काळी इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणजे कोण हेच ठरलेलं नव्हतं. कालचा ऑपरेटर आज संशोधक आणि उद्या कंपनीचा मालक होऊ शकत होता. एडिसन स्वतः तारेवर टिकटिक करत वर आलेला. पण 'आपला पुढारी आपल्यातला असावा की आपल्या वरचा?' हा प्रश्न त्या दिवशी जो सभेत येऊन बसला तो काही उठून गेला नाही.

पुढच्या वर्षांतली यादी मजेशीर आहे. दुसरे अध्यक्ष फ्रँकलिन पोप, एकेकाळचा एडिसनचा भागीदार. पुढे 1895 साली स्वतःच्याच घराच्या तळघरात ट्रान्सफॉर्मरचा शॉक लागून बिचारा गेला. तिसरे टी. सी. मार्टिन, हे तर चक्क संपादक! पण या संपादकाच्याच खटपटीने निकोला टेस्ला नावाच्या तरुणाने मे 1888 मध्ये संस्थेपुढे एसी मोटरवरचं ते प्रसिद्ध व्याख्यान दिलं. म्हणजे 'इंजिनिअर नाही' हा दोषच असतो असंही नाही. बेल 1891 मध्ये अध्यक्ष झाला. एडिसन कधीच झाला नाही.

माझा लाडका मात्र 1901-02 चा अध्यक्ष, चार्ल्स स्टाइनमेट्झ. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड, समाजवादी विचारांपायी 1888 साली जर्मनीतून पळालेला. अमेरिकेच्या बंदरावर त्याला जवळजवळ परतच पाठवत होते. त्याने एसीची सगळी आकडेमोड कॉम्प्लेक्स नंबर्सवर आणून ठेवली, ती आपण दुसऱ्या वर्षाला शिव्या घालत शिकतो. नोकरी जनरल इलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे बड्या कंपनीतच. पण निवडून आला तो त्याच्या गणितावर. ग्रीनपासून इथवर यायला 17 वर्षं लागली.

मग रेडिओ आला. वायरलेसवाली पोरं वेगळी होती, वयाने लहान होती, आणि एआयईईत तेव्हा पॉवर हाऊस आणि ट्रामवाल्यांचा दरारा. त्यांनी आपलं वेगळं घर बांधलं. 1912 मध्ये, तारीख पुन्हा 13 मे, दोन छोट्या संस्था एकत्र येऊन 'इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्स' झाली. सभासद पन्नाससुद्धा नव्हते. नावात 'अमेरिकन' मुद्दाम घातलं नाही, कारण रेडिओच्या लहरींना सीमा नसते. आणि हे नुसतं नावापुरतं नव्हतं. परदेशातला माणूस उपाध्यक्ष करायची रीत त्यांनी पाडली. 1934 साली डच शास्त्रज्ञ फान डर पोल उपाध्यक्ष होता (ऑसिलेटरवाला, हो तोच).

या पन्नास जणांनी 1957 च्या सुमारास जुन्या एआयईईला सभासदसंख्येत मागे टाकलं. कॉलेजातली मुलं इलेक्ट्रॉनिक्सकडे धावत होती. दोन्हीकडे तेच विषय, तीच माणसं, दोन वर्गण्या. शेवटी विलीनीकरणाचा प्रस्ताव आला आणि 1962 मध्ये सभासदांना थेट विचारण्यात आलं. 87 टक्के मतं बाजूने पडली. 1 जानेवारी 1963 पासून आय-ट्रिपल-ई, सुमारे दीड लाख सभासद. पहिला अध्यक्ष झाला अर्न्स्ट वेबर, व्हिएन्नात जन्मलेला प्राध्यापक. ना तार कंपनी, ना बँक!

पण ग्रीनचं भूत गेलं नव्हतं. 1970 च्या आसपास अमेरिकेत संरक्षण आणि अवकाश खात्यांचा पैसा आटला आणि इंजिनिअर हजारोंनी घरी बसले. त्यांनी आपल्या संस्थेकडे बघितलं, तर संस्था म्हणाली, आम्ही पेपर छापतो, परिषदा भरवतो. नोकरीबिकरी आमच्या घटनेत बसत नाही. ज्यांनी दोन-तीन ले-ऑफच्या लाटा हिंजवडीत बसून बघितल्यात त्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. सभासद चिडले आणि घटनादुरुस्तीची मागणी पुढे आली. 1972 च्या मतदानात ती मोठ्या फरकाने मंजूर झाली, तेव्हा कुठे संस्थेला इंजिनिअरांच्या पोटापाण्याबद्दल तोंड उघडता आलं.

याच काळात अर्विन फीर्स्ट नावाचा एक सल्लागार इंजिनिअर उगवला. तोवर मंडळाने सुचवलेलं नाव म्हणजे निवड झाल्यातच जमा. आमच्या सोसायटीत जोशीकाका गेली अकरा वर्षं 'बिनविरोध' चेअरमन आहेत तसंच. फीर्स्टने सभासदांच्या सह्या गोळा केल्या आणि थेट अध्यक्षपदाला उभा राहिला. म्हणाला, ही संस्था कंपन्यांच्या मॅनेजरांनी आणि प्राध्यापकांनी बळकावलीय, नोकरदार इंजिनिअरचं इथे कोण आहे? हरला. पुन्हा उभा राहिला. पुन्हा हरला. असं कितीतरी वेळा. त्याची सगळीच मतं मला पटत नाहीत. परदेशी इंजिनिअर येऊन आमच्या नोकऱ्या खातात हाही त्याचा सूर होता, आणि त्यात 'ते' म्हणजे आपणच की. पण एकाच नावावर शिक्का मारायची सवय मोडण्यात या हरणाऱ्या माणसाचा हात होता, हे मला तरी नाकारता येत नाही.

यानंतरचं भराभर सांगतो. अमेरिकेबाहेरचा अध्यक्ष 1972 मध्ये, कॅनडाचा रॉबर्ट टॅनर. पहिली स्त्री अध्यक्ष मार्था स्लोन, 1993 मध्ये. आशियात राहणारा अध्यक्ष मिळायला मात्र 2020 उजाडलं, जपानचे तोशिओ फुकुदा.

आणि भारत? सभासदसंख्येत अमेरिकेच्या खालोखाल आपणच. पण आपल्यातली प्रचंड संख्या कॉलेजच्या मुलांची, आणि पदवीपूर्व विद्यार्थी सभासदाला या निवडणुकीत मत नाही. मी आमच्या कॉलेजच्या स्टुडंट ब्रँचचा खजिनदार होतो. वर्गणी गोळा करायची, पावत्या फाडायच्या, वर्कशॉपच्या समोशांचा हिशेब ठेवायचा, हे सगळं मी केलं. 2016 साली संस्थेच्या मंडळाने एक घटनादुरुस्ती मांडली होती. मंडळाची रचना कशी असावी हे घटनेतून बरंचसं काढून मंडळालाच बदलता येणाऱ्या नियमांत टाकायचं, असा तिचा रोख. विरोधकांचं म्हणणं, वेगवेगळ्या प्रदेशांची मंडळावरची जागा मग मंडळाच्या मर्जीवर राहील. त्यात आपला आशियाही आला! दोन तृतीयांश मतं हवी होती, ती मिळाली नाहीत आणि दुरुस्ती पडली. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. हे काही चाललंय याचा मला पत्ताही नव्हता, आणि असता तरी मत नव्हतं.

आता मत आहे. एरवी मतदान दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतं म्हणे, म्हणजे मी एकटाच आळशी नाही. असो. तो स्टार केलेला मेल अजून तसाच आहे. आज पुन्हा उघडला, तर पासवर्ड विसरलोय. रीसेटची लिंक जुन्या कॉलेजच्या आयडीवर जातेय, आणि तो आयडी कधीच बंद झालाय. सोमवारी लंच टाइममध्ये सपोर्टला फोन लावणार आहे. मुदतीला अजून नऊ दिवस आहेत.