शिबिरापासून सहवासापर्यंत : आरोग्यशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लोकसेवेचे महाराष्ट्रातील काही टप्पे

प्रस्तावना

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६९ मध्ये उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. २४ सप्टेंबर १९६९ रोजी तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. आरंभी सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात सहभागी झाले होते. त्याच वर्षी वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. ग्रामीण भागातील देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

विद्यार्थ्याला चार भिंतींतून बाहेर काढून समाजापर्यंत नेणे हा दोन्ही उपक्रमांचा हेतू होता. मात्र त्यांचे मार्ग वेगळे होते. पहिल्या उपक्रमाचा कणा 'शिबिर' हा होता, तर दुसऱ्याचा कणा 'सहवास' हा होता. आरोग्यशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लोकसेवेचा विचार करताना हा भेद निर्णायक ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. श्रमदानाने रस्ता बांधणारा विद्यार्थी निघून गेला तरी रस्ता मागे राहतो. रक्तदाब मोजणारा विद्यार्थी निघून गेला की मागे केवळ एक आकडा उरतो. त्या आकड्याचे पुढे काय करायचे हे सांगण्यासाठी कोणी तरी परत यावे लागते. म्हणून या सेवेचे मूल्यमापन शिबिरांच्या संख्येवरून न करता विद्यार्थ्यांच्या परत येण्यावरून करणे अधिक योग्य होईल.

पूर्वपीठिका : सेवासदन ते सेवाग्राम

महाराष्ट्रात आरोग्यसेवेचे शिक्षण आणि स्वयंसेवा यांची सांगड स्वातंत्र्यापूर्वीच घातली गेली होती. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. रुग्णशुश्रूषा हे काम उच्चवर्णीय कुटुंबांत कमी प्रतीचे मानले जाण्याचा तो काळ होता. ससून रुग्णालयात जाऊन शिकणे हीच त्या स्त्रियांच्या दृष्टीने एक सामाजिक झेप होती. आळंदीच्या यात्रेत स्त्री-यात्रेकरूंच्या मदतीसाठी रमाबाई सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन जात असत. यात्रेतील सेवा ही वारकरी परंपरेला नवी नव्हती. मात्र घराबाहेर पडलेल्या सुशिक्षित स्त्रियांनी ती संघटितपणे करणे ही नवी गोष्ट होती.

दुसरा धागा वर्धा परिसरातील रचनात्मक कार्याचा आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहावयास आले. हेच गाव पुढे सेवाग्राम या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी केली. गांधीजींच्या 'रचनात्मक कार्यक्रमा'च्या १९४५ मधील सुधारित आवृत्तीत आरोग्यशिक्षण, कुष्ठरोगी आणि विद्यार्थी या तिन्ही विषयांना स्थान मिळाले. १९३९ मध्ये सेवाग्रामला आलेल्या सुशीला नायर त्या वेळी नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुण डॉक्टर होत्या. त्या आल्यानंतर लवकरच परिसरात पटकीची साथ उद्भवली आणि तिला तोंड देण्याची जबाबदारी जवळजवळ एकटीने त्यांच्यावर येऊन पडली. पुस्तकातील वैद्यक आणि खेड्यातील पाणवठा यांतील अंतर त्यांना ऐन तारुण्यात दिसले. तीस वर्षांनी त्यांनी उभारलेल्या महाविद्यालयाची बीजे या अनुभवात शोधणे अवाजवी ठरणार नाही.

धोरणाची चौकट : भोर समिती

नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या आरोग्य पाहणी व विकास समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. प्रतिबंधक व उपचारात्मक सेवा एकत्र असाव्यात, तसेच वैद्यकीय शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण असावे, अशी शिफारस समितीने केली. त्यातून 'सामाजिक वैद्य' घडावा, अशी समितीची अपेक्षा होती. रोगाइतकेच रोग्याच्या घराकडे, अन्नाकडे व व्यवसायाकडे पाहणारा डॉक्टर तिला अभिप्रेत होता.

या शिफारशीतून पुढे महाविद्यालयांत स्वतंत्र विभाग निर्माण झाले आणि आंतरवासितेच्या काळात ग्रामीण आरोग्य केंद्रात काम करणे नियमात आले. तथापि, सामाजिक वैद्यक हा एक 'विषय' होताच इतर विषयांचे शिक्षक त्या जबाबदारीतून मोकळे झाले. शल्यचिकित्सेच्या अध्यापकाला खेड्यात जाण्याचे कारण उरले नाही. विद्यार्थ्याच्या मनात खरे वैद्यक रुग्णालयात असते आणि खेड्यात जाणे हे हजेरीपुरते असते, अशी विभागणी रुजली. ती आजही पूर्णपणे नाहीशी झालेली नाही.

सेवाग्रामचा प्रयोग

सेवाग्रामच्या संस्थेने ही विभागणी मोडण्याचा प्रयत्न प्रवेशापासूनच केला. 'नीट' परीक्षा लागू होईपर्यंत संस्थेची स्वतंत्र प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारावर एक प्रश्नपत्रिका असे. नवागत विद्यार्थ्यांचे पहिले पंधरा दिवस आश्रमातील संस्कार शिबिरात जातात. खादी, सामुदायिक प्रार्थना आणि श्रमदान हे तेथील दिनक्रमाचे भाग आहेत.

त्यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. प्रथम वर्षाची संपूर्ण तुकडी एका निवडलेल्या खेड्यात सुमारे पंधरा दिवस मुक्काम करते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. त्या कुटुंबांतील व्यक्तींचा आहार, पिण्याचे पाणी, लसीकरण, गरोदरपण आणि आजार यांची माहिती विद्यार्थी घेतो. शिबिर संपले तरी हे नाते संपत नाही, कारण पुढील शैक्षणिक काळात तो त्याच कुटुंबांकडे ठरावीक अंतराने जात राहतो.

यातील शैक्षणिक तत्त्व साधे आहे. पहिल्या भेटीत कुटुंब विद्यार्थ्याला पाहुणा समजते आणि बरे वाटेल तेच सांगते. घरातील दारू, कर्ज, मुलीचे अडलेले लग्न, अर्धवट सोडलेले क्षयरोगाचे औषध या गोष्टी तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतरच बाहेर येतात. एक दिवसाच्या तपासणी शिबिरात न सापडणारे निदान सहवासात सापडते.

या परिसरातील आणखी एका उपक्रमाची नोंद येथे आवश्यक आहे. संस्थेतील प्राध्यापक डॉ. उल्हास जाजू यांनी खेड्यांमध्ये ज्वारीच्या रूपाने वर्गणी गोळा करणारी आरोग्य विमा योजना उभी केली. सुगीच्या वेळी कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी आणि त्या बदल्यात आजारपणात कस्तुरबा रुग्णालयाचा आधार मिळावा, अशी ती रचना होती. यामुळे गाव केवळ सेवा घेणारे राहिले नाही. ते योजनेचे भागीदार झाले आणि जाब विचारण्याचा अधिकारही त्याला मिळाला. वर्गणी भरणारा ग्रामस्थ आणि तपासणीसाठी रांगेत उभा केलेला ग्रामस्थ यांच्या भूमिकेत मोठे अंतर आहे.

सत्तरचे दशक : विचारमंथन आणि शासकीय योजना

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील अल्पशिक्षित, अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या घडविल्या. पुढे देशविदेशातील विद्यार्थी जामखेडला शिकण्यासाठी येऊ लागले तेव्हा या स्त्रियाच त्यांच्या शिक्षिका झाल्या. शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हा क्रम येथे उलटला.

जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने भारलेल्या काळात, १९७४ मध्ये, 'मेडिको फ्रेंड सर्कल' हा डॉक्टरांचा व वैद्यकीय विद्यार्थ्यांचा गट आकारास आला. वैद्यकीय शिक्षण कोणासाठी, हा प्रश्न या गटाने सातत्याने चर्चेत ठेवला. केवळ सेवाभावाने भागणार नाही, आरोग्याची विषमता समजून घ्यावी लागेल, ही जाणीव महाराष्ट्रातील अनेक तरुण डॉक्टरांपर्यंत या चर्चेतून पोहोचली.

शासकीय पातळीवर श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेच्या शिफारशी केल्या. त्यानुसार १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्अभिमुखीकरणाची योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी, अशी तिची कल्पना होती. कल्पना व्यापक होती, परंतु कालांतराने तिचा जोर ओसरला. जबाबदारी महाविद्यालयाला देण्यात आली. गावाला विशिष्ट विद्यार्थी किंवा विशिष्ट अध्यापक मिळाला नाही. तीन विकासगट म्हणजे शेकडो गावे. एवढ्या विस्तारात ओळख निर्माण होणे कठीणच होते.

आपत्तीतील सेवा आणि तिच्या मर्यादा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतर राज्यभरातून डॉक्टर, विद्यार्थी व स्वयंसेवक किल्लारी परिसरात धावून गेले. अशा प्रसंगी दाखविलेल्या तत्परतेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. जखमा बांधणे, औषधे वाटणे, माणसांना सावरणे यांसाठी हातांची नितांत गरज असते. मात्र पुनर्वसनाचे काम पुढे अनेक वर्षे चालले. कायमचे अपंगत्व, आप्तवियोगाचे दुःख, नव्या वसाहतीतील एकाकीपण हे प्रश्न स्वयंसेवकांच्या गाड्या परतल्यानंतरचे होते. आपत्तीतील सेवा ही शिबिरपद्धतीची सर्वांत उदात्त बाजू आहे आणि तिची मर्यादाही तेथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहताना घेतलेला एक अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. एका गावातील सात दिवसांच्या निवासी शिबिरात परिचर्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींनी ग्रामस्थांच्या रक्तातील साखर तपासली. तपासणी नीटनेटकी झाली, अहवालात संख्या आली, छायाचित्रेही लागली. पुढील वर्षी शिबिरासाठी दुसरे गाव निवडण्यात आले. काही कामानिमित्त जुन्या गावी जाणे झाले तेव्हा एका आजींनी लुगड्याच्या गाठीतून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "त्या पोरीनं साखर हाय म्हून सांगितलं व्हतं, मंग पुन्हा कोनी आलंच न्हाई," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. चिठ्ठीवरील शाई पुसट झाली होती, परंतु आकडा वाचता येत होता. त्या आकड्याचा अर्थ त्यांना वर्षभरात कोणीही समजावून सांगितला नव्हता. त्या शिबिराच्या अहवालावर स्वाक्षरी प्रस्तुत लेखकाचीच होती.

सद्यःस्थिती : दत्तक कुटुंबे

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये 'कुटुंब दत्तक कार्यक्रम' पदवीपूर्व अभ्यासक्रमाचा भाग केला आणि २०२१-२२ च्या तुकडीपासून तो लागू झाला. प्रथम वर्षापासून विद्यार्थ्याने काही कुटुंबांशी जोडून घ्यावे आणि शिक्षणाच्या काळात त्यांच्या आरोग्याचा मागोवा घ्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. सेवाग्रामने दीर्घकाळ जोपासलेल्या पद्धतीशी त्याचे साम्य उघड आहे. एका संस्थेतील प्रयोगाशी इतके जुळणारे सूत्र देशव्यापी नियमात यावे, ही समाधानाची बाब आहे.

तथापि, इतिहासाच्या अभ्यासकाला येथे दोन शंका येतात. पहिली शंका अंमलबजावणीविषयी आहे. जे सेवाग्रामला निवडीने व वातावरणाने साध्य झाले ते अन्यत्र केवळ नोंदवहीने साध्य होईल काय? भोर समितीच्या शिफारशीचे रूपांतर हजेरीत झाले, हा अनुभव विसरता येत नाही. दुसरी शंका शब्दाविषयी आहे. आपल्या समाजात दत्तक घेणारा वडीलधारा असतो आणि दत्तक जाणारा लहान असतो. अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी चार पिढ्यांचे घर दत्तक घेतो, असे म्हणताना नात्याची दिशा चुकते. वस्तुतः ते घरच त्याला आपल्या ओसरीवर बसवून घेते, चहा देते आणि शिकविते. जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी हेच सिद्ध केले होते.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष मांडता येतात. एक, आरोग्यशिक्षणातील लोकसेवेचे यश गावांच्या संख्येपेक्षा त्याच गावी परत जाण्यावर अवलंबून राहिले आहे. दोन, जेथे गाव योजनेत भागीदार झाले तेथे सेवेला जबाबदारीचे रूप आले. तीन, ही जबाबदारी एका विभागाची किंवा एका कार्यक्रम अधिकाऱ्याची मानली गेली तेव्हा ती क्षीण झाली.

कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांतील अध्यापकांनाही यातून घेण्यासारखे आहे. परिसरातील परिचर्या, आयुर्वेद, औषधनिर्माण किंवा वैद्यकीय महाविद्यालयांसोबत आपण संयुक्त शिबिरे घेतो. अशा वेळी गाव दरवर्षी बदलण्याऐवजी किमान तीन वर्षे तेच ठेवावे, तपासणीत आढळलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सोपवावे आणि पुढील भेटीची तारीख ठरल्याशिवाय तपासणीच करू नये, एवढे नियम पाळता येतील. यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. १९६९ मध्ये शिबिर आणि सहवास या दोन वाटा एकाच वेळी सुरू झाल्या. त्या एकत्र आणणे महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे आणि चिठ्ठी जपून ठेवणाऱ्या ग्रामस्थाचे तेवढे देणे आपण लागतो.