क्यू, एक्स, झेड : पट्टीवर, गोळ्यांवर, पाकिटावर दिसणाऱ्या या अक्षरांचा अर्थ काय?

इंग्रजीच्या २६ अक्षरांत क्यू, एक्स, झेड आणि जे ही सर्वात कमी वापरली जाणारी अक्षरे. स्क्रॅबल या शब्दखेळात क्यू किंवा झेड लावला की १० गुण मिळतात, इतकी ती दुर्मिळ. शेतकऱ्याच्या घरात मात्र ती रोजचीच.

बाजार समितीच्या पट्टीवर असलेले 'क्यूटीएल' म्हणजे क्विंटल, १०० किलो. शब्द आला अरबी 'किंतार'वरून. गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडात हा शब्द फारसा कुणी वापरत नाही, आपल्याकडे तो शाळेत न गेलेल्या आजोबांनाही पाठ.

गोळ्यांच्या पाकिटावर 'आरएक्स' असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. लॅटिन भाषेतल्या 'घ्या' या अर्थाच्या शब्दाची ती खूण आहे. 'ईएक्सपी' म्हणजे एक्स्पायरी, मुदत संपण्याची तारीख. तिथे ०८/२०२७ असे असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते, त्यानंतर नाही.

फवारणीच्या औषधावर दिसणारा 'टॉक्सिक' म्हणजे विषारी. हा शब्द ग्रीक भाषेतल्या धनुष्यावरून आला, कारण त्या काळी बाणाला विष लावत. अक्षर वाचता आले नाही तरी डब्यावरचा त्रिकोण बघा : लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य.

खरा घोटाळा होतो तो झेडच्या 'झिंक'मध्ये. झिंक म्हणजे जस्त. झिंक सल्फेट हे खत. पिकाला जस्त कमी पडले की देतात. जुलाब झालेल्या लहान मुलाला ओआरएससोबत १४ दिवस देतात ती गोळीही झिंकचीच. आणि झिंक फॉस्फाइड? ते उंदीर मारायचे काळपट विष. पोटात गेले की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो आणि त्यावर नेमका उतारा औषधशास्त्रात नाही.

म्हणून नुसते 'झिंक' वाचून थांबू नका, पुढचा शब्द वाचाच. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. कागदात बांधलेली सुटी पुडी आणू नये, आणि उंदराचे औषध खताशेजारी तर मुळीच ठेवू नये. चुकून कुणाच्या पोटात गेलेच, तर घरगुती उपायात वेळ न घालवता पेशंटला तडक दवाखान्यात न्यावे. पाकीटही सोबत घ्यावे, म्हणजे डॉक्टरांना नाव लगेच कळते.