धोतऱ्याचा धूर आणि गवताचे पराग

ज्या घरात दम्याचा रोगी असतो त्या घराला उत्तररात्रीचा प्रहर विशेष परिचयाचा असतो. बाहेर पावसाळी वारा सुटलेला असतो, आणि अंथरुणावर निजलेला माणूस एकाएकी उठून बसतो. दोन्ही हात उशीवर टेकून, मान पुढे काढून तो श्वासासाठी झगडू लागतो. घरातील कोणी पाणी तापवते, कोणी छातीला तेल चोळते, कोणी नुसतेच जवळ बसून राहते. अशा वेळी जो कोणी जे औषध सुचवील ते करून पाहावयास मनुष्य सिद्ध होतो. दम्यावरील औषधांचा इतिहास हा एका अर्थाने या अगतिकतेचा इतिहास आहे; आणि त्या अगतिकतेतही काही माणसांनी आपली चिकित्सक बुद्धी कशी शाबूत ठेवली, याचाही तो इतिहास आहे.

हे चित्र फार जुने आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. यांतील तमकश्वास तो पुष्कळ अंशी आपला दमा. ढगाळ हवा, थंडी आणि पूर्वेकडचा वारा यांनी तो बळावतो. रोग्याला आडवे पडवत नाही, उठून बसले म्हणजे बरे वाटते. कफ सुटला की घटकाभर आराम पडतो. हे वर्णन आजच्या कोणत्याही डॉक्टरला मान्य होईल. त्याहूनही लक्षात ठेवण्याजोगा आहे तो ग्रंथकाराचा निर्वाळा. हा विकार नवा असेल तर साध्य, एरवी तो ‘याप्य’, म्हणजे समूळ न जाणारा, परंतु पथ्याने व औषधाने आटोक्यात राहणारा, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. या ‘याप्य’ शब्दाकडे आपणांस शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

चरकाने सांगितलेल्या उपायांत धूम्रपानही आहे. हळद, एरंडमूळ, लाख, देवदार आणि मनशीळ यांसारख्या द्रव्यांची वात करून तिचा धूर घ्यावा, असा तो प्रयोग. औषध पोटातून न देता श्वासाबरोबरच आत पोहोचवावे, ही कल्पना किती सूक्ष्म! परंतु त्याच वातीतील मनशीळ म्हणजे सोमल व गंधक यांचे संयुग, अर्थात विषच. उत्तम निरीक्षण आणि धोकादायक द्रव्य एकाच वातीत वळलेली असतात, ही गोष्ट या इतिहासात पुनःपुन्हा भेटते.

धुराची ही विद्या हिंदुस्थानातून युरोपात गेली, तिची तारीख ठाऊक आहे. इसवी सन १८०२ मध्ये मद्रासेतील कंपनी सरकारचे प्रमुख वैद्य जेम्स अँडरसन यांनी जनरल जेंट नावाच्या दमेकरी अधिकाऱ्यास धोतऱ्याचा धूर ओढावयास सांगितले. धोतऱ्याची मुळे व देठ वाळवून, कुटून चिलमीतून ओढण्याचा हा उपाय इकडे लोकांत रूढ होता. जेंटने तो विलायतेस नेला. पाहता पाहता तेथील वैद्यांनी आपल्याकडील धोतऱ्याच्या जातीवर तो प्रयोग करून पाहिला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दम्याच्या सिगारेटी व जाळण्याच्या पुडी युरोपातील औषधांच्या दुकानांत सर्रास मिळू लागल्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा जन्माचा दमेकरी. अशा पुडींच्या धुराने कोंदलेल्या बंद खोलीत त्याचे कितीतरी दिवस गेले.

या धुराने आराम पडत असे, हा भ्रम नव्हता. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीनच्या वर्गातील द्रव्ये असतात. श्वासनलिकांना आकुंचन पावण्याचा जो संदेश मज्जातंतू देतात, तो ही द्रव्ये अडवितात आणि आवळलेली नलिका सैल होते. पण या झाडाच्या कोणत्या भागात, कोणत्या ऋतूत किती द्रव्य असेल याचा नेम नाही. मात्रा थोडी चुकली की तोंड कोरडे पडते, दृष्टी अंधुक होते, मनुष्य बरळू लागतो; मात्रा अधिक झाली तर प्राणावर बेतते. वाटसरूंना धोतरा चारून लुबाडणाऱ्या टोळ्यांच्या नोंदी गेल्या शतकातीलच काय, त्याआधीच्या सरकारी दप्तरांतही सापडतात. म्हणजे एकच वनस्पती एकाच्या हाती औषध आणि दुसऱ्याच्या हाती शस्त्र. फरक कशाचा? मात्रेचा. १८३० नंतरच्या दशकात अ‍ॅट्रोपीन शुद्ध स्वरूपात हाती आले, आणि मात्रा मोजणे शक्य झाले. पुढे १९७० च्या दशकात त्याच्या घडणीत फेरफार करून इप्राट्रोपियम हे औषध प्रचारात आले. ते फवाऱ्याने घेता येते, रक्तात फारसे उतरत नाही आणि मेंदूला सहसा स्पर्श करीत नाही. मद्रासच्या चिलमीचा तो सुसंस्कृत वंशज होय.

दुसरी कथा उत्तरेकडील पर्वतांची आहे. चीनमध्ये माहुआंग नावाचे झुडूप खोकला व श्वास यांवर प्राचीन काळापासून वापरात आहे. त्याची एक बहीण आपल्या हिमालयात उगवते. तिला कित्येक लोक सोमलता म्हणतात. वेदांतील सोम तो हाच की दुसरा, हा वाद विद्वानांनी अजून मिटविलेला नाही. जपानी रसायनज्ञ नागाइ यांनी १८८५ साली या झुडपातून एफेड्रिन वेगळे केले. पुढे पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात चेन आणि श्मिट या दोघांनी त्याची पद्धतशीर परीक्षा केली व १९२४ मध्ये ती प्रसिद्ध केली. दम्यावर तोवर उपयोगात असलेले अ‍ॅड्रेनलीन सुईनेच टोचावे लागे. हे औषध गोळीच्या रूपाने घेता येई. जगभर त्याचा बोलबाला झाला.

त्या काळात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा हे देशी औषधींची एकेक करून तपासणी करीत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय सोमलतेच्या निरनिराळ्या जाती तपासल्या, आणि जात, ऋतू व पाऊस यांप्रमाणे तीतील औषधी द्रव्य कमीजास्त होते असे दाखविले. चोप्रांचा ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९३३ साली निघाला. देशी औषध ते देशी म्हणून स्वीकारावे, किंवा देशी म्हणून टाकावे, या दोन्ही वृत्तींपासून तो ग्रंथ अलिप्त आहे. एफेड्रिनचे दोषही पुढे दिसून आले. छाती धडधडते, झोप उडते, रक्तदाब चढतो. अंग हलके करण्याच्या नावाखाली या झुडपाचे अर्क खाण्याची अमेरिकेत लाट आली, तेव्हा घडलेल्या अपायांमुळे २००४ साली तेथील सरकारने पूरक आहार म्हणून होणारी त्याची विक्री बंद केली. वनस्पती तीच, पण ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समज किती भाबडा आहे हे त्या प्रसंगाने दाखविले.

आपल्या कुंपणाकडेला वाढणारा अडुळसा मात्र सौम्य. त्याच्या पानांचा रस मधातून घेणे मराठी घरांना नवे नाही. डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये त्यातून व्हॅसिसीन हे द्रव्य वेगळे केले. त्याच्या घडणीवरून ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले आणि १९६० च्या दशकात बाजारात आले. आज खोकल्याच्या अनेक बाटल्यांवर ते नाव, किंवा त्यापासून निघालेल्या अ‍ॅम्ब्रोक्सॉलचे नाव छापलेले असते. आजीच्या वाटीतील रस आणि दुकानातील बाटली यांचे गोत्र एकच आहे. तरीही अडुळसा कफ सोडवितो, दम्याची मुळे उपटीत नाही, एवढा विवेक ठेवावा लागतो.

येथवर वनस्पतींची कथा झाली. आता होमिओपॅथीकडे वळू, कारण दम्याच्या रोग्याची पावले आपल्या देशात तिकडेही वळतात. जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान यांचा ‘ऑर्गॅनॉन’ हा ग्रंथ १८१० साली प्रसिद्ध झाला. निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे उत्पन्न करते, तेच द्रव्य अत्यंत विरल करून दिले असता तीच लक्षणे असलेला रोग बरा करते, हे त्यांचे सूत्र. रक्त काढणे आणि पाऱ्याचा मारा करणे हा ज्या काळी प्रतिष्ठित उपचार होता, त्या काळी ही गोड गोळी रोग्याला किती दिलासा देणारी वाटली असेल! १८३९ मध्ये लाहोरला महाराजा रणजितसिंहांच्या दरबारी होनिगबर्गर यांनी ही पद्धती आणली, आणि पुढे बंगालमध्ये तिने चांगलेच मूळ धरले.

याच पंथातील एका वैद्याने असे काही काम केले की त्याचे नाव सर्वच पंथांनी कृतज्ञतेने घ्यावे. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली हे स्वतः होमिओपॅथ होते, आणि दर उन्हाळ्यात नाक-डोळे वाहणाऱ्या ‘गवती तापा’ने स्वतः बेजार होते. जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ साली या विकाराचे वर्णन केले होते. पण कारण कोणी उन्हास लावी, कोणी वाळल्या गवताच्या वासास. ब्लॅकली यांनी स्वतःलाच प्रयोगशाळा बनविले. निरनिराळ्या वनस्पतींचे पराग त्यांनी आपल्या नाकात, डोळ्यांत घालून पाहिले. हातावर ओरखडा काढून त्यावर पराग लावले आणि सूज मोजली. चिकट लेप लावलेल्या काचा हवेत मांडून रोज किती परागकण पडतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. एवढेच नव्हे, तर काचा पतंगाला बांधून उंच आकाशातील हवाही तपासली. ज्या दिवसांत पराग अधिक, त्या दिवसांत पीडा अधिक. १८७३ साली त्यांनी हे सारे ग्रंथरूपाने मांडले. गवताचे पराग हेच या विकाराचे कारण, हे निर्विवाद झाले. आपण ज्याला वावडे म्हणतो, आणि ज्याला १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हे नाव दिले, त्या शास्त्राचा हा पाया होय. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजर गवत कित्येकांच्या त्वचेला व नाकाला का सोसवत नाही, याचे उत्तर शोधताना आपले डॉक्टर त्वचेवर ओरखडा किंवा टोचा देऊन पाहतात, ते ब्लॅकलींच्याच वाटेने.

यानंतर १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी परागांचा अर्क अगदी अल्प प्रमाणात टोचून, मात्रा पायरीपायरीने वाढवीत नेली. ही युक्ती वरवर होमिओपॅथीसारखी दिसते. पण येथे मात्रा मोजलेली असते व वाढत जाते. होमिओपॅथीत ती इतकी विरल होते की शंभरपट पातळ करण्याची क्रिया बाराएक वेळा झाल्यावर मूळ द्रव्याचा एखादा अणूही उरण्याचा संभव नसतो. मग गुण येतो का? हा प्रश्न भांडून सुटणारा नव्हता; तो मोजूनच सोडवावयाचा होता. १९८६ साली ग्लासगोच्या संशोधकांनी गवती तापाच्या १४४ रुग्णांवर परीक्षा घेतली, तीत परागांच्या होमिओपॅथिक गोळ्यांचा फायदा झालेला दिसला. आशा वाटावी अशीच ती गोष्ट होती. म्हणून हीच कल्पना दम्याबाबत पुढे तपासली गेली. धुळीतील सूक्ष्म किड्यांचे वावडे असलेल्या २४२ दमेकऱ्यांना, कोणाला औषध व कोणाला कोरी गोळी हे रोगी वा वैद्य कोणासही न कळू देता, गोळ्या दिल्या. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कोऱ्या गोळीहून औषधी गोळी सरस ठरली नाही. या निकालाने पुष्कळांचे मन दुखावले असेल. पण ज्या ब्लॅकलींनी स्वतःच्या मतापेक्षा काचेवरील परागांची गणना अधिक मानली, त्यांना असा निकाल ऐकून घेणे जड गेले नसते, असे मला वाटते.

याच जिद्दीचा आणखी एक दमेकरी वैद्य आपल्या युगातला आहे. इजिप्तमध्ये खेला नावाची वनस्पती जुन्या काळापासून औषधात आहे. तिच्यातील द्रव्याच्या घडणीवरून बनविलेली संयुगे रॉजर अल्टूनियन यांनी १९५० व १९६० च्या दशकांत स्वतःवर तपासली. गिनीपिगच्या केसांचे त्यांना वावडे होते; त्या केसांचा अर्क हुंगून ते मुद्दाम दम्याचा झटका ओढवून घेत, आणि कोणते संयुग तो थोपविते ते पाहत. शेकडो झटके सोसून जे हाती आले ते क्रोमोग्लायकेट, झटका येऊ नये म्हणून घेण्याचे औषध.

आता त्या ‘याप्य’ शब्दाकडे येऊ. दमा म्हणजे केवळ नळीचे आवळणे नव्हे. नळीच्या अस्तराला सतत सूज असते, हे आज कळले आहे. म्हणूनच ती सूज उतरविणारी, श्वासावाटे घेण्याची स्टेरॉइड औषधे १९७० च्या दशकापासून उपचाराचा कणा ठरली. ती नियमाने घेतली तर बहुतेक रोगी शाळेत जातात, कामधंदा करतात, रात्री निजतात. पण रोग समूळ जात नाही. दम्यावर खात्रीने इलाज करतो असा दावा औषधाने करू नये, असे आपल्या औषधनियमांच्या ‘जे’ अनुसूचीतही नमूद आहे. चरकाचा निर्वाळा आणि आजचा कायदा येथे एका सुरात बोलतात. तो सूर बिघडतो तो भिंतीवरच्या ‘दमा मुळासकट बरा’ या जाहिरातीने. अशा जाहिरातीवर विसंबून, श्वासनलिकेची सूज आवरणारे औषध अचानक सोडून देणारा रोगी कोणत्या संकटात सापडतो, हे रात्रपाळीच्या डॉक्टरांना चांगले ठाऊक असते.

यास्तव कोणी झाडपाल्याचा काढा दिला किंवा गोड गोळ्यांची पुडी दिली, तर त्याचा अवमान करू नये. पण आत काय आहे, किती आहे आणि ते कोणी तपासले, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांनी दिलेला फवारा उशाशीच असू द्यावा. मध्यरात्री उठून बसलेल्या माणसाला दिलासा हवाच असतो. पण त्याहून अधिक त्याला हवा हवी असते.