लहरींवर हक्क कोणाचा? : अमेरिकन नभोवाणीतील १९२६ चा पेच

१९२६ च्या उत्तरार्धात अमेरिकेतील नभोवाणी-केंद्रांची प्रक्षेपणे एकमेकांवर आदळू लागली. लहरी मर्यादित असल्याने शासकीय नियंत्रण अपरिहार्य होते, असा या घटनेचा अर्थ बहुधा लावला जातो. घटनाक्रम पाहता हा अर्थ अपुरा वाटतो.

१९१२ चा रेडिओ कायदा टायटॅनिक दुर्घटनेनंतर, मुख्यतः सागरी संदेशवहन डोळ्यांसमोर ठेवून झाला होता. त्यानुसार परवाने वाणिज्यमंत्री देत. ते नाकारण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही, असा निर्णय १९२३ मध्ये इंटरसिटी खटल्यात झाला. तरीही मंत्री हर्बर्ट हूव्हर यांनी परिषदा भरवून, केंद्रांना वेळ वाटून देऊन गाडा हाकला. शिकागोच्या झेनिथ कंपनीच्या वाट्याला आठवड्यातून गुरुवारी रात्रीचे अवघे दोन तास आले. तिने कॅनडासाठी सोडलेली लहर परस्पर वापरली आणि एप्रिल १९२६ मध्ये खटलाही जिंकला. ८ जुलै रोजी हंगामी महान्यायवादींनीही मंत्र्यांच्या विरोधात मत दिले. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत सुमारे २०० नवी केंद्रे सुरू झाली.

दोन वाहक लहरींच्या कंप्रतेत किंचित फरक असला, की त्या फरकाइतक्या कंप्रतेची शिटी रेडिओ संचात ऐकू येते. रात्री मध्यम लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. त्यामुळे दूरचे केंद्रही शेजाऱ्याइतकेच उपद्रवी ठरे.

तथापि, न्यायालये स्वस्थ नव्हती. शिकागो ट्रिब्यूनने ओक लीव्हज केंद्राविरुद्ध केलेल्या दाव्यात १७ नोव्हेंबर १९२६ रोजी न्यायाधीश विल्सन यांनी पूर्ववापरातून अग्रहक्क निर्माण होतो, हे तत्त्व मान्य केले. पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या शेतकऱ्यांना हे तत्त्व नवे वाटले नसते. काँग्रेसला मात्र ते धोक्याचे वाटले असावे. अवघ्या तीन आठवड्यांत, ८ डिसेंबरला, लहरीवरील मालकीचा दावा सोडून देण्याची अट परवानाधारकांवर घालणारा ठराव संमत झाला. म्हणजे सार्वजनिक हिताची भाषा करणारा २३ फेब्रुवारी १९२७ चा कायदा येण्यापूर्वीच दुसरी वाट बुजविली गेली होती. लहरींचे हक्क खरेदी-विक्रीयोग्य करावेत, असे रोनाल्ड कोस यांनी सुचविले ते थेट १९५९ मध्ये.

मालकी नाकारली, तरी वाटप करावेच लागले. १९२८ च्या फेरवाटपात ९६ पैकी ४० लहरी प्रबळ केंद्रांसाठी मोकळ्या राखल्या गेल्या. महाविद्यालयांनी चालविलेल्या अनेक केंद्रांना इतरांबरोबर वेळ वाटून घ्यावी लागली आणि त्यांपैकी पुष्कळ पुढील काही वर्षांत बंद पडली.